हळदीचा चौक

धाकट्या बहिणीच्या हळदीला चौक आईनेच काढावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

आमच्या मुरबाडकडच्या गावात हळदीच्या पाटाखाली तांदळाच्या पिठाचा चौक काढतात. आधी बाहेरचा चौकोन, त्याच्या आत दुसरा, मग चारही कोपऱ्यांना बाहेर वळलेली टोकं. गावातल्या कितीतरी पोरींचे चौक आईच्या हातचे. वडील गेले आणि तिला बोलावणं बंद झालं. विधवेचा हात चौकाला चालत नाही म्हणे. आता घरचंच लग्न, तरी पिठाची वाटी काकीच्या हातात दिलेली.

मी घरातला पहिला पदवीधर, तोही मराठीचा. स्वतःची भातशेती सांभाळून, वर दुसऱ्यांच्या लावणीला जाऊन आईनेच मला शहापूरच्या कॉलेजात शिकवलं. तिथे शब्दांची मुळं शोधायची सवय लागली. ती मी मंडपातही सोडली नाही. संस्कृतात चतुष्क, म्हणजे चारांचा समूह. प्राकृतात त्याचं चउक्क झालं आणि आपल्याकडे चौक. चार बाजूंची आकृती तो चौक, चार रस्ते मिळतात तो चौक, घराच्या मधलं मोकळं अंगणही चौकच. एवढे अर्थ सांगितले आणि म्हणालो, "यात बाईचा नवरा जिवंत पाहिजे, असं कुठेच नाही."

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

"कॉलेजात चौक शिकवतात व्हय रे?" मोठे काका म्हणाले. "आमी समजलो, नोकरीचं कायतरी शिकवत असतील."

मंडपभर हशा पिकला. मी आईकडे वळलो. "आई, तू तरी बोल."

"काय बोलू? उद्या पोरीला कायबी झालं तं माझ्याच हाताला बोल लावतील. नको रे."

पोरीला काही होणार नाही, हे मी कोणत्या पुस्तकातून दाखवणार होतो?

काकी खाली बसली. पहिलीच रेघ तिरकी गेली. उंबऱ्याच्या आतून आई म्हणाली, "डावीकडं घे गो. चिमूट सैल सोड." काकीने रेघ पुसून पुन्हा काढली. मग प्रत्येक कोपऱ्याला ती थांबायची, दाराकडे बघायची आणि आई सांगायची. याला मात्र कुणाचीच हरकत नव्हती. सांगितलेलं चालतं, काढलेलं चालत नाही! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

चौक पुरा झाला. त्यावर पाट ठेवला, बहीण बसली. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं ना मनासारखं? तुझ्या आयशीचाच चौक हाय तो."

"नाय," मी म्हणालो. "काकीचा आहे."

"गप रे," आई आतून म्हणाली. "जा, जेवणाचं बघ."

मी गेलो. पातेली जरा जोरातच ठेवली.