पंजाबरावांचा डावा आरसा

पंजाबराव वाकोडेंच्या शिकवणीच्या गाडीचा डावा आरसा तेवीस वर्षं मुडपलेलाच होता. सोनाळ्याच्या बाजारातून गाडी काढायची म्हणजे आरसा बाहेर ठेवून भागत नाही. मोटारसायकलवाला हँडलनं घासून नेतो, कापसाचा टेम्पो तर उपटूनच नेतो. म्हणून शिकणारं माणूस पहिल्या दिवशी गाडीत बसलं, की पंजाबराव खिडकीतून हात काढून मुडपलेल्या आरशावर थाप मारत आणि सांगत, "मांगचं पाह्याची गरज नाइ. ज्याले पुढं जायचं थो हॉर्न देईन. तू फक्त कान उघडे ठेव."

या एका वाक्यावर पंचक्रोशीतले मास्तर, तलाठी, कंपाउंडर गाडी शिकले. पंजाबरावांची मुलगी महामायाही शिकली. पुढं ती नर्सिंग करून इंग्लंडला गेली. काम म्हणजे घरोघर जाऊन एकट्या म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या. दिवसाला अकरा घरं, तीही चार गावांत पांगलेली. गाडी कंपनीची, लायसन बुलडाण्याचं. पंजाबराव पारावर सांगत, "म्या शिकोलेली पोरगी राणीच्या देशात गाडी चालवून राह्यली." तिथं आता राजा आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर महामायाचा फोन आला.

"बाबा, आपलं लायसन इथं चौदा फेब्रुवारीपरेंतच चालते. राह्याले येऊन वर्ष झालं का बंद. बदलूनई देत नाइत. इथलं नवं काढा लागते, परीक्षा देऊन."

पंजाबरावांनी कपाटातून तिच्या लायसनची झेरॉक्स काढली. चष्मा लावला. "माये, याच्यावर तं दोन हजार छत्तीस लिहेल हाय."

"थे आपल्या इकडं."

"मंग इतके दिवस तिकडं कसं चाललं?"

"वर्षभर चालू देतात. नेम हाय."

"म्हंजे चौदा तारखेले तुले गाडी येते अन् पंधरा तारखेले येत नाइ? झोपेत इसरतं का माणूस?"

महामायाची आई जनकाबाई भाकरी थापताना म्हणाल्या, "लायसनवाले तुमी. तुमालेच समजून नाइ राह्यलं, तं मले काय समजंन?"

समजलं एवढंच, की लायसन नाही तर ड्युटी नाही, ड्युटी नाही तर व्हिसा नाही. मग पोरगी परत सोनाळ्यात.

महामायानं शिकाऊ लायसन काढलं, लेखी परीक्षा एका दमात पास झाली. जानेवारीत रस्त्यावरची परीक्षा झाली. नापास.

"किती चुका?" पंजाबरावांनी विचारलं.

"एक."

"एका चुकीत नापास? कोनाले उडोलं का काय?"

"नाइ जी. डावीकडं वळताना आरसा नाइ पाह्यला. मांगून सायकलवाला व्हता. परीक्षेच्या साह्यबानं ब्रेक दाबला."

"मंग त्यानं घंटी काऊन नाइ वाजोली?"

"इथं कोणीच वाजवत नाइ, बाबा. अख्ख्या वर्षात म्या हॉर्न ऐकला नाइ. हात बराबर चालतात, पाय बराबर चालतात. मानच वळत नाइ तिकडं."

पंजाबरावांनी फोन ठेवला. सकाळी गाडीपाशी गेले आणि डावा आरसा ओढून पाहिला. बिजागरी गंजलेली. खोबरेल तेल घातलं, तेव्हा कुरकुरत उघडला.

तेव्हा त्यांच्याकडं अन्नपूर्णाबाई शिकत होत्या, अंगणवाडीच्या सुपरवायझर. त्या चमकल्या. "सर, तुमी तं म्हनले व्हते, मांगं पाह्याचं नाइ."

"थे कालचं व्हतं."

"मंग कालचं शिकलेलं काय करू?"

"इसरा."

"फी देऊन शिकली ना मी थे!"

दुसरी तारीख अकरा फेब्रुवारीची मिळाली. त्यानंतर वर्ष संपायला तीन दिवस. मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. तिकडं महामाया खुर्चीवर, हातात जेवणाचं ताट, तेच स्टेअरिंग. डाव्या हाताला भिंतीला चिकटवलेला हातआरसा. इकडून पंजाबराव ओरडायचे, "डावीकडं घे!" हाताआधी मान वळली नाही, की जनकाबाई वाटीत तुरीचा एक दाणा टाकायच्या. पहिल्या दिवशी एकोणीस दाणे पडले. दहाव्या दिवशी सात. मधल्या काळात बाजारात एका मोटारसायकलनं पंजाबरावांचा उघडा आरसा फोडला. हॉर्न देऊन फोडला. त्यांनी नवी काच बसवली. शेवटच्या संध्याकाळी वाटीत एकच दाणा होता, आणि तोही जनकाबाईंच्या मते घाईत पडलेला.

अकरा तारखेला फोन वाजला, तेव्हा दोघंही ओट्यावर बसलेले.

"बाबा, पास!"

जनकाबाईंनी डोळ्याला पदर लावला. पंजाबरावांनी विचारलं, "किती चुका?"

"नऊ."

"नऊ?"

"हाव."

"मांगं एक केली तं नापास. आता नऊ केल्या तं पास?"

"थे मोठी व्हती. ह्या बारक्या हायत. पंधरापरेंत चालतात. अन् आरशाची एकई नाइ, बाबा."

"मंग हायत कायच्या?"

"तीन तं हळू चालोल्याच्या."

"हळू चालवनं चूक हाय?"

"रस्ता मोकळा असन तं हळू नाइ चालवायचं म्हने. मांगच्याचा खोयंबा होते."

जनकाबाई वाटीतला दाणा डाळीच्या डब्यात टाकायला आत गेल्या. पंजाबराव गाडीपाशी आले. मागच्या काचेवर त्यांनीच पेंटरकडून लाल अक्षरात लिहून घेतलं होतं, 'सावकाश चालवा, सुखी राहा'. ते त्यांनी दोनदा वाचलं. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आल्या, स्टेअरिंगवर बसल्या आणि सवयीनं विचारलं, "सर, आरसा आत घेऊ का? बाजार हाय आज."

"राहू द्या." पंजाबरावांनी रुमालानं काच पुसली, शेजारी बसले, दार ओढून घेतलं. "अन् बाई, मोकळा रस्ता लागला का आज जराशी जोरात घ्या."

"जोरात? काऊन?"

"मलेई अजून समजलं नाइ," पंजाबराव म्हणाले. "पन घ्या."