तिकडचे अध्यक्ष

झांबियाच्या राष्ट्राध्यक्षांचा पराभव आमच्या सोसायटीमुळे झाला नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. उलट आम्ही त्यांच्यासाठी करता येईल ते सगळं केलं. गणपतीला नारळ ठेवला, अथर्वशीर्षाची आवर्तनं केली, पार्किंगमधल्या फळ्यावर निकाल लिहिले. बुधवार पेठेतल्या एका गल्लीत, तळमजल्यावर टीव्हीच्या सुट्या भागांचं दुकान असलेल्या इमारतीला आफ्रिकेतल्या निवडणुकीचा एवढा घोर का लागावा? त्याचं कारण मी आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुनंदालासुद्धा नाही. (सुनंदा माझी बायको. तिच्यापासून लपवलेल्या गोष्टी फार नाहीत, कारण ती बहुतेक आधीच ओळखते. ही एक राहिली.)

मी मुळात कमी बोलतो. खराडीच्या एका कंपनीत हिशेब तपासायचं काम करतो, तिथे कमी बोलणाऱ्याला विचारी समजतात. घरी घुम्या म्हणतात. सोसायटीच्या सभेत मी सतरंजीच्या कडेला बसतो आणि चहा झाला की उठतो. इतक्या निरुपद्रवी माणसाच्या हातून आंतरराष्ट्रीय पातळीवरचा घोटाळा व्हावा, हे माझं मलाही पटत नाही.

झालं असं. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि तिची खोली रिकामी पडली. सुनंदा एका फार्मसी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथे झांबियाची मुटिंटा नावाची एक मुलगी एम. फार्म. करत होती. ग्रंथालय बंद होईपर्यंत बसायची, कारण राहायला धड जागा नव्हती. तिने सुनंदाला हसत हसत सांगितलं होतं, की फोनवर खोली रिकामी असते, ती दारात उभी राहिली की भाड्याने गेलेली असते. हे ऐकून सुनंदा घरी आली आणि मला म्हणाली, "खोलीतली तुमची इस्त्रीच्या कपड्यांची रास हलवा. मुलगी येतेय राहायला." मी रास हलवली. आमच्या घरात ठराव असेच पास होतात.

सोसायटीत मात्र तसे होत नाहीत. पेइंग गेस्ट ठेवायचा तर सभेची परवानगी लागते, आणि सभा म्हणजे नानिवडेकर. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष झाले. तेव्हापासून आहेत. जिन्यात त्यांनी लावलेली पाटी अशी: 'थुंकण्याची इच्छा झाल्यास स्वतःच्या घरी जावे.' असा माणूस.

सभेत मी विषय मांडला. म्हणजे सुनंदाने मला कोपराने ढोसलं आणि मी उभा राहिलो.

"कुठली मुलगी म्हणालात?" नानिवडेकर.

"झांबियाची."

"जांभया?" दुसऱ्या मजल्यावरच्या शकूताईंनी विचारलं. त्या निवृत्त नर्स आहेत आणि त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. "जांभयांचं काय?"

कुणीतरी त्यांना नकाशा समजावला. मग शंका निघू लागल्या. पोलिसांत कळवावं लागेल. मोठमोठ्याने गाणी लावली तर? उग्र वासाचं काही शिजवलं तर? (ही शंका सुक्या बोंबिलाच्या दिवशी अख्खा जिना दरवळून टाकणाऱ्या बिऱ्हाडाने काढली होती.) सभेचा कल स्पष्ट दिसत होता. सुनंदाचा चेहरा उतरला. मुटिंटा आमच्याच घरात, बॅग न उघडता, बसून होती. इथे नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा ग्रंथालयात.

"घरचे कोण असतात? काय करतात?" नानिवडेकरांनी विचारलं.

आदल्या दिवशी, सुनंदा स्वयंपाकघरात असताना, चहा पिता पिता मुटिंटाने मला सगळं सांगितलं होतं. वडील नाहीत, आई शाळेत शिकवते, आणि शिक्षणाचा भार उचलणारे काका त्यांच्या जिल्ह्यातल्या मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष आहेत. तिने फोटोही दाखवला होता. काका, त्यांच्या मागे झाडाला टांगलेल्या सालीच्या लांबोड्या मधपेट्या, आणि काकांच्या टोपीवर एक माशी.

मी सभेला म्हणालो, "आई शिक्षिका. काका अध्यक्ष आहेत."

आणि इथे मला खोकला आला. खोटं कशाला सांगू, आला नाही, मी आणला. कारण 'अध्यक्ष' हा शब्द ऐकताच सभेत जी शांतता पसरली, ती मला फार आवडली.

"अध्यक्ष?" नानिवडेकर खुर्चीत ताठ झाले. "तिकडचे?"

"तिकडचेच," मी म्हणालो.

यात एक शब्दही खोटा नाही. काका तिकडचेच होते. पण मी खाली बसलो तेव्हा सभेत प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राजवाडा, मोटारींचा ताफा आणि एकवीस तोफांची सलामी उभी होती, आणि ते मला दिसत होतं. परवानगी एकमताने मिळाली. बोंबीलवाल्यांनी अनुमोदन दिलं.

त्यानंतर मुटिंटाचं जे काही झालं, त्याला लाड हाच शब्द आहे. नानिवडेकर शाल-श्रीफळ घेऊन आले. कित्येक महिने अडलेली लिफ्ट आठवड्यात चालू झाली. (राष्ट्राध्यक्षांची पुतणी जिना चढते हे बरं दिसत नाही.) शकूताई थालीपीठ, शिरा, मुगाची खिचडी पाठवू लागल्या आणि तिला मराठी शिकवू लागल्या. त्यामुळे ती सहा महिन्यांत नानिवडेकरांनासुद्धा "अगं बाई, आजोबा, तुम्ही?" असं म्हणायला लागली. ते तेही खपवून घेत. मला ती 'काका' म्हणायची. आणि रात्री जेवताना आईला फोनवर इंग्रजीत सांगायची, की इथली माणसं इतकी प्रेमळ आहेत, की कुणी कुणाची चौकशीसुद्धा करत नाही, नुसतं खायला घालतात. सुनंदा मला ते कौतुकाने पुन्हा सांगायची. मी ताटातून मान वर करत नसे.

खरं सांगायचं तर लवकरच माणसांना काकांची गरज उरली नव्हती. शकूताईंच्या गुडघ्याचं औषध मुटिंटाच बदलून आणायची. लाइटबिल ऑनलाइन भरताना नानिवडेकर तिलाच हाक मारायचे. हळूच खरं सांगून टाकावं असं मला रोज वाटायचं. रोज मी उद्यावर ढकलायचो.

आणि मग ऑगस्टात झांबियाची निवडणूक आली.

नानिवडेकरांनी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी वाचल्या आणि मला जिन्यात गाठलं. "दामले, काकांची निवडणूक आणि आपण बोलला नाहीत?" त्या दिवसापासून त्यांनी मोहीम हाती घेतली. मोबाइलवर तिकडचं न्यूज चॅनेल शोधलं. तिकडचे प्रांत पाठ केले. निम्म्याहून एक मत जास्त मिळालं तरच अध्यक्ष होता येतं, नाहीतर पुन्हा मतदान, हे त्यांनी पार्किंगमधल्या फळ्यावर पाण्याच्या वेळापत्रकाच्या खाली लिहिलं. पेठेतल्या इडली विकणाऱ्यालासुद्धा त्यांनी थांबवून समजावलं. शकूताईंनी गणपतीला साकडं घातलं. "बाप्पा, जांभयाच्या काकांना सांभाळ." त्या अजून जांभयाच म्हणत होत्या.

मी मुटिंटाला सहज विचारावं तसं विचारलं, की तुझा अंदाज काय.

"काका, आत्ताचे अध्यक्ष गेले पाहिजेत," ती म्हणाली. "आमच्या घरात सगळ्यांना दुसरे हवेत. मी एवढी नर्व्हस आहे, मला जेवण जात नाही."

मलाही जाईना.

मतमोजणी तिकडे मतदारसंघानुसार हळूहळू जाहीर होते. शनिवारी दुपारी नानिवडेकरांनी सगळ्यांना घरी बोलावलं. मोबाइल टीव्हीला जोडला होता, कांदेपोहे केले होते, आणि टीव्हीसमोरची खास खुर्ची मुटिंटासाठी होती. मी तिला घरी थांबवायचे सगळे प्रयत्न केले. अभ्यास नाही का, म्हटलं. डोकं दुखत असेल ना, म्हटलं. शेवटी स्वतःला ताप आल्याचं सांगितलं. सुनंदाने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तुम्ही झोपा. आम्ही जाऊन येतो." मग ताप बाजूला ठेवून मी गेलो. ती खुर्ची रिकामी नव्हती, एवढंच मला दिसलं. मी दाराजवळ, चपलांशेजारी बसलो.

टीव्हीवर एक गंभीर गृहस्थ मतदारसंघाचं नाव वाचत होते, मग आकडे. विद्यमान अध्यक्ष मागे पडले की खोलीतून "अरेरे" उठायचं आणि खुर्चीतून टाळी. पहिल्या टाळीला लोकांना वाटलं, पोरीला आकडे कळले नाहीत. दुसऱ्या टाळीला वाटलं, मोठ्या घरातली मुलगी, उसनं अवसान आणतेय. तिसऱ्या टाळीला शकूताईंना राहवलं नाही. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "एवढं सोसू नये गं. रडून घे."

मुटिंटाला वाटलं, ही मराठीतली एखादी शाबासकी असणार. ती म्हणाली, "थँक्यू आजी."

शेवटी निकाल लागला. अध्यक्ष पडले होते, मुटिंटाचे उमेदवार निवडून आले होते. ती उडी मारून उभी राहिली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि जीभ टाळ्याशी फडफडवत तिने असा एक लांबलचक, थरथरता, टिपेचा आवाज काढला की तळमजल्यावरच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं. तिकडे बायका आनंदाच्या वेळी असा आवाज काढतात. हे नंतर कळलं. त्या क्षणी आमच्या सोसायटीला तो हंबरडा वाटला.

शकूताईंनी तिला मिठी मारली आणि त्याही रडू लागल्या. सुनंदाने पदर डोळ्यांना लावला. (तिलाही सभेत सांगितलं तेवढंच ठाऊक होतं, हे लक्षात असू द्या.) नानिवडेकर उभे राहिले, टीव्हीचा आवाज बंद केला आणि हात जोडले. "बेटा, सार्वजनिक जीवनात हे चालायचंच. काकांना आमच्यातर्फे कळव, की पुण्यात एक सोसायटी त्यांच्या पाठीशी उभी आहे."

मुटिंटाने शकूताईंच्या खांद्यावरून मान वर काढली. "माझ्या काकांना? का?"

"अध्यक्षपद गेलं ना त्यांचं."

"नाही गेलं," ती म्हणाली. "काका अजून अध्यक्ष आहेत. त्यांच्या विरुद्ध कुणी उभंच राहत नाही."

नानिवडेकरांनी हे नीट ऐकून घेतलं. असा अध्यक्ष त्यांना अपरिचित नव्हता. मग हळूच विचारलं, "कशाचे अध्यक्ष?"

"मधमाश्यांचे."

खोलीत पोह्यांचे चमचे थांबले. नानिवडेकर वळले आणि चपलांच्या दिशेने पाहू लागले. "दामले. आपण सभेत काय सांगितलं होतं?"

आता सगळं माझ्यावर होतं. मुटिंटाचा प्रबंध अर्ध्यावर होता. या खोलीतली माणसं चिडली असती, फसवून जागा घेतली म्हणाली असती, तर ती बॅग पुन्हा भरली गेली असती. एक वाक्य बोलायचं होतं: चूक माझी, मला माश्या ठाऊक होत्या. मी तोंड उघडलं. त्यातून खोकला आला. या वेळी खराच.

मुटिंटाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि फार वेळ नाही. तेवढ्यात तिला सगळं कळलं: शाल, लिफ्ट, शिरा, सगळं. मग ती नानिवडेकरांना म्हणाली, "आजोबा, चूक माझी आहे. मी दामलेकाकांना 'प्रेसिडेंट' एवढंच सांगितलं होतं. माश्यांचं सांगायचं राहिलं. सॉरी."

मग शकूताईंनी डोळे पुसले. "म्हणजे मी इतके दिवस परक्या माणसासाठी बाप्पाला वेठीला धरलं? बरं झालं, ऐकलं नाही त्याने." आणि मुटिंटाचा गाल ओढून म्हणाल्या, "तुझा माणूस निवडून आला ना? मग झालं. आणि हिच्या काकांशी काय करायचंय आपल्याला? मुलगी आपली आहे."

सगळे नानिवडेकरांकडे पाहू लागले. मग त्यांनी विचारलं, "मध शुद्ध असतो का?"

"एकदम," मुटिंटा म्हणाली.

"मग हरकत नाही. पोहे खा, गार होताहेत." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज परत सुरू केला. नव्या अध्यक्षांचं भाषण अख्ख्या सोसायटीने शेवटपर्यंत ऐकलं. मुटिंटा मधे मधे भाषांतर करत होती, आणि बोंबीलवाले टाळ्या वाजवत होते.

घरी जाताना जिन्यात मी काहीतरी बोलायला थांबलो. ती म्हणाली, "काका, तुम्हाला ताप आहे ना? झोपा." पुढे वर्षभर ती आमच्याकडे राहिली, पदवी घेतली, लुसाकाला नोकरीला लागली. त्या दिवसाचा विषय तिने कधीही काढला नाही. पदवीदान समारंभाला तिची आई आली, तिने जारभर काळसर मध आणला, आणि नानिवडेकरांनी तो वाट्या मोजून घरोघर वाटला. आमच्याकडे आले तेव्हा म्हणाले, "दामले, इंग्रजी जरा सुधारा. पोरीचं अर्धंच कळलं तुम्हाला." मी मान खाली घालून मध घेतला.

या माणसांनी मला काय दिलं, ते मी जाणतो. एका घुम्या माणसाच्या घरात त्यांनी एक मुलगी राहू दिली, आणि तिला ठेवून घेताना शेवटी कुणीही तिच्या काकांचा हुद्दा पाहिला नाही. मी उगीचच राष्ट्राध्यक्षांना मध्ये घेतलं. 'मुलगी चांगली आहे, राहू दे' एवढं म्हणून पाहायला हवं होतं. पण ते म्हणायला लागणारा धीर सतरंजीच्या कडेला बसून येत नाही.

हे आज छापायला देतोय ते नानिवडेकर विनोदी काही वाचत नाहीत या भरवशावर. म्हणजे मी अजून तितकाच भित्रा आहे, एवढं आपल्या लक्षात आलंच असेल. मुटिंटा दर दिवाळीला फोन करते. मी "कशी आहेस, बरी आहेस ना" विचारतो आणि फोन सुनंदाकडे देतो. चूक माझी होती आणि ती तिने स्वतःच्या अंगावर घेतली. तिची माफी मागणं माझ्याकडून राहिलेलं आहे.