पेशीतले भाडेकरू

"दाखव. मला डोळ्यांनी दाखव," असं म्हणत आमच्या विभागप्रमुख मॅडम डस्टर टेबलावर आपटायच्या. खडूची पूड समोरच्याच्या तोंडावर. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल; त्याच्याशी भांडून आपण घरी येतो आणि जेवतानाही मनात भांडतच असतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. एकदा वर्गात सांगितलं, की पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होते. कुण्या मोठ्या पेशीनं त्यांना गिळलं, पण पचवलं नाही. दोघं जगले, आणि तिथून पुढे झाडं, बेडूक, आपण. मॅडम दारातून ऐकत होत्या. आत येऊन त्यांनी मुलांदेखत माझा फळा पुसला.

"गिळणारा जगतो, गिळलेला मरतो. पेशीत भाडेकरू नसतात!"

"मॅडम, त्यांचा स्वतःचा डीएनए आहे. ते स्वतः दुभागतात."

"तू पाहायला गेली होतीस?"

मॅडम धुळ्याकडच्या, एकट्या. विभाग त्यांनी कुणाचीही मदत न घेता उभा केला होता. "पेशी आतून वाढली, हळूहळू. कुणाला घरात घेऊन नाही," हे सांगताना त्यांचा आवाज असा चढे, की बोलणं पेशीपुरतं उरत नसे.

मीही हट्टाला पेटले. मेहरूण तलावाचं पाणी बरणीत आणलं आणि त्यातलं हिरवं पॅरामिशियम प्रयोगशाळेत मुलांसमोर सूक्ष्मदर्शकाखाली लावलं. एकाच पेशीचा जीव, आणि त्याच्या आत जिवंत शेवाळ, मजेत. मॅडमनी बराच वेळ पाहिलं.

"अजून पचलं नसेल," त्या म्हणाल्या.

मी हसले. मुलंही हसली. दुसऱ्या दिवशी बरणी धुऊन पालथी घातलेली होती.

मी जाब विचारला तेव्हा शुद्ध मराठी बाजूला राहिली आणि घरची अहिराणी बाहेर आली. "हाई बठ्ठं नाटक शे. तुले काय समजस?"

"तुम्हाला बघायची भीती वाटते," मी म्हणाले.

पुढच्या सत्रापासून मला फक्त पहिल्या वर्षाचे वर्ग मिळाले. माझं नाव घेणंही त्यांनी सोडलं. मी खोलीत असले तरी शिपायाला म्हणत, "तिला सांग."

मग अभ्यासक्रम बदलला आणि नेमका तोच धडा त्यात आला. तो मला द्यायचा सोडून मॅडमनी स्वतः घेतला. शेजारच्या खोलीत बसून मी ऐकलं. एकेक पुरावा त्यांनी असा मांडला, की माझी मला लाज वाटली आणि रागही आला. शेवटी म्हणाल्या, "परीक्षेत हे लिहा. माझा यावर विश्वास नाही."

निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. बोदवडला बहिणीकडे राहायला गेल्या. एकदा जळगाव स्टेशनवर दिसल्या. गुडघे गेले होते, हातात जड पिशवी. मी हात पुढे केला.

"हात लावू नकोस."

पॅसेंजर आली. दोन्ही हातांनी दांडा धरून, पिशवी दंडाला अडकवून, त्या एकेक पायरी चढू लागल्या. मी मागे उभी राहिले, त्यांना कळणार नाही इतक्या अंतरावर, दोन्ही हात अर्धे उचलून. त्या आत गेल्या आणि पलीकडच्या खिडकीपाशी बसल्या.

वळून काही पाहिलं नाही.