एकेचाळिसावं कार्ड

मुंबईत नोकरीला लागून मला पाच महिने झाले होते, अजून कायम झालो नव्हतो. आमच्या कचेरीतला जुना संगणक निघणार होता. त्याची कामं नव्यावर तशीच चालावीत, म्हणून नव्याला जुन्याची हुबेहूब नक्कल करायला लावणारा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. जुन्या यंत्राचे तीन प्रकार. प्रत्येकाचा प्रोसेसर सुरू करायच्या सूचना वेगळ्या लिहिलेल्या. मी त्या मोडून तिन्हींना मिळून एकच सुटसुटीत भाग केला, एका ओळीला एक अशी पंच केलेली कार्डं बाईंकडे दिली आणि रजेवर धाड या माझ्या गावी आलो. बाई माझ्या वरिष्ठ. आमच्या घरातल्या या पहिल्या पदवीधराला त्यांनीच कामावर घेतलं होतं.

शनिवारी सकाळी ओट्यावर बसून, आपणच संगणक आहोत असं धरून, मी त्याच सूचनांच्या छापील कागदावर पेन्सिलीनं एकेक ओळ चालवत होतो. तिसऱ्या प्रकाराशी हात थांबला. कुठून सुरू व्हायचं तो पत्ता आधी भरला जात होता आणि मागून येणारी ओळ सगळं शून्यावर आणत होती. यंत्र भलतीकडूनच चालू लागलं असतं. आणि आजच दुपारी मोठ्या साहेबांपुढे चाचणी.

"काऊन बे, चहा थंडा होऊन राह्यला," वडील म्हणाले.

माझ्या चुकीनं बाई तोंडघशी पडतील आणि माझी नोकरी जाईल, एवढंच त्यांना सांगितलं. त्यांनी चपला घातल्या.

पोस्टात मुंबईचा ट्रंक कॉल मागितल्यावर पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं, कोण गेलं. चूक झाली म्हटल्यावर ते बघतच राहिले. तासभर बाकावर बसलो. गप्प राहिलो तर चूक कार्डं पंच करणाऱ्यांवर ढकलता येईल, असंही मनात आलं. त्या विचाराची मला जास्त भीती वाटली.

लाइन लागली. बाजाराला आलेली माणसं दारात उभी होती. मी ओरडून चूक सांगितली. बाई म्हणाल्या, "कितवं कार्ड?"

"एकेचाळिसावं. ते अडतिसाव्याच्या आधी घ्या."

"बघते. तुम्ही या," एवढं ऐकू आलं आणि लाइन तुटली.

"बाई काय म्हने?" वडिलांनी विचारलं.

"या म्हणाल्या."

"मंग उद्याच निंघ."

सोमवारी बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो. त्यांनी चाचणीचा कागद पुढे केला. तिन्ही प्रकार नीट सुरू झाले होते.

"चूक तुमची होती, हे साहेबांना सांगितलंय," त्या म्हणाल्या. "फोनही तुमचाच होता, हेही सांगितलंय."