बाभळीचं स्टूल

माझ्या वडिलांना, दादांना, मी रोज त्याच स्टुलावर बसवून अंघोळ घालते. ऊन पाणी पडलं की बाभळीच्या ओल्या लाकडाचा वास येतो आणि सातवीतला तो शनिवार आठवतो.

नळदुर्गच्या शाळेत मुली शिवणकाम घ्यायच्या. मी हट्टानं सुतारकाम घेतलं. महिनाभर खपून केलेलं स्टूल डोक्यावर घेऊन घरी आले, तर त्याचा एक पाय आखूड निघाला. चुलते हसले, "पोरीच्या हातचं हाय, बसलं की मोडंल."

दादा नुकतेच रानातून आले होते. ते गुमान स्टुलावर बसले, ताट मांडीवर घेतलं आणि तिथंच जेवले. "लई झ्याक झालंय," म्हणाले. स्टूल जरासुद्धा हललं नाही. उठताना मात्र त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. दिवसभर औत हाकून दमले असतील, असं मला वाटलं.

आता त्या डुगडुगत्या स्टुलावर त्यांचं अंग माझ्या हातांवर पेलताना कळतं, की जेवण होईस्तोवर सगळा भार त्यांनी स्वतःच्या पायांवर धरला होता.

आज पाठ पुसताना त्यांनी विचारलं, "दमलीस का गं?"

माझी कंबर भरून आली होती. "न्हाय दादा," मी म्हणाले.