गार्डसाहेबांच्या टेबलावरचा घाट

डोंबिवलीत लेव्हलमध्ये काम करणारा माझ्यासारखा सुतार दुसरा नाही, हे मी कुणालाही छातीठोक सांगतो. गार्डसाहेबांसाठी केलेल्या टेबलावर त्यांनी खेळण्यातल्या रेल्वेचा एक डबा ठेवला, तर तो कुणी हात न लावता चालायला लागला, कडेपर्यंत गेला आणि खाली त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तांदूळ निवडत बसलेल्या, त्यांच्या ताटात पडला.

"मिस्त्री," गार्डसाहेब शांतपणे बोलले, "गाडी बिनाइंजिनाची सुटली."

मी बोललो, "साहेब, तुमच्या लादीलाच उतार आहे."

"उतार घाटालाही असतो. पण तो ठरवून देतात."

काकूंनी डबा उचलला, फुंकर मारून तांदूळ झाडले आणि वर दिला. माझ्याकडे बघून बोलल्या, "तू नक्की सुतारच ना रे?"

आता यात माझी चूक नव्हती. माझ्याकडे वडिलांची पाणसळ आहे, ती बुडबुडा मध्ये आला की लेव्हल झाली असं सांगणारी पट्टी. एकदा ती तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलेली, पण काच फुटली नाही, म्हणजे वस्तू अस्सल. बुडबुडा मध्ये होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला. त्या दिवशी दोन पाय घासून दिले आणि डब्याची चाल थोडी कमी केली. साहेब बोलले, "ठीक आहे, डब्याला ब्रेक लावून ठेवू." हिरवी झेंडी काही दाखवली नाही.

झेंडीचं सांगायलाच पाहिजे. साहेब मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या घरात लाल आणि हिरवी अशा दोन झेंड्या दाराच्या मागे खुंटीला असायच्या, आणि साहेबांचं मन काय आहे ते तोंडापेक्षा झेंडीवरून लवकर कळायचं. काकूंच्या हातची भाजी चांगली झाली की हिरवी. जावई राजकारणावर बोलायला लागला की लाल. घरातसुद्धा पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशात शिट्टी. चहा झाला की काकू हाक मारायच्या नाहीत, कपावर चमचा वाजवायच्या. आतल्या खोलीतून शिट्टी यायची, म्हणजे गाडी निघाली. मी कामाला गेलो तेव्हा मला वाटलं, दोघं जरा हललेले आहेत. महिन्याभराने मी पण कपावर चमचा वाजवायला लागलो, तर माझी बायको मंदा बोलली, "हात मोडलाय का? उठून घे."

एकदा मी विचारलं, "साहेब, एवढी वर्षं खरी गाडी चालवली, आता ही खेळण्यातली कशाला?"

"मी चालवली नाही रे. चालवतो तो ड्रायव्हर. मी शेवटच्या डब्यात." मग बोटाने मागे दाखवून बोलले, "पुढे बघितलं तर डब्यांच्या पाठी. मागे बघितलं तर लांब जाणारं स्टेशन. बत्तीस वर्षं मी सगळी गावं मागे जाताना बघितली. गाडी समोरून येताना कशी दिसते ते एकदा निवांत बसून बघायचंय."

म्हणून मग कसाऱ्याचा घाट. आठ फूट बाय सहा फुटाच्या टेबलावर. जुने पेपर, मच्छरदाणीची जाळी आणि पीओपी, त्याचा डोंगर. सुकलेल्या घोसाळ्याच्या जाळीला हिरवा रंग देऊन झाडं. रुळांखालची खडी म्हणजे बिल्डिंगच्या कामावरची वाळू, चहाच्या गाळणीने गाळलेली. काकूंनी नवीन गाळणी आणली, ती पण वाळूत गेली. तिसरी त्यांनी कुलपात ठेवली. डोंगरातून एक बोगदा, आत गाडी सोडली की पेटणारा छोटा बल्ब, आणि बोगद्याच्या तोंडासमोर साहेबांचं स्टूल. तिथे बसलं की आधी आतून उजेड दिसायचा, मग इंजिन, मग एकेक करून सगळी गाडी अंगावर आल्यासारखी यायची.

इंजिन बाहेर आलं की मी टाळ्या वाजवायचो. साहेब हात वर करून थांबवायचे. "इंजिन बघून काय टाळ्या वाजवतोस? शेवटचा डबा बघ. शेवटचा डबा आला तरच गाडी आली." त्या शेवटच्या डब्याला त्यांनी मोहरीएवढा लाल दिवा लावलेला. तो दिवा बोगद्यातून बाहेर आला की बोलायचे, "आली. पूर्ण आली." आणि मग वहीत लिहायचे. कधी सुटली, कधी पोचली, उशीर किती, कारण काय. मला वाचायला वेळ लागतो, शाळा मी सहावीत सोडली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं. पण त्या वहीत माझं नाव कुठे आहे ते मला बरोबर सापडायचं. 'उशीर चार मिनिटे. कारण: मिस्त्री वडा खात होते.' 'उशीर अकरा मिनिटे. कारण: बोगद्यात झुरळ.' झुरळाच्या खालोखाल माझाच नंबर.

रविवारी मी जायचो तो ड्रायव्हर म्हणून. गार्डाने हिरवी दाखवल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही, हा नियम. एकदा मी मोबाईल बघत बटण फिरवलं. गाडी घाटात गेली आणि साहेब झेंडी हातात घेऊन स्टेशनातच. बोलले, "गार्डाला मागे ठेवून गाडी नेलीस. आता त्याने कसाऱ्याला चालत यायचं का?" मी हसलो, तर ते अजिबात हसले नाहीत. मला गाडी मागे घ्यायला लावली, माफी मागायला लावली. शेवटच्या डब्याची. डब्यापुढे हात जोडून उभा असलेला माझा फोटो काकूंनी काढलाय.

आता माझ्या खऱ्या पराक्रमावर येतो. टेबल करायच्या वेळीच साहेब बोललेले, "मिस्त्री, हे चार भागांत कर. बोल्टने जोड. गाडी कशी असते? जोडता आली पाहिजे, सोडवता आली पाहिजे." मी मान हलवली. मनात बोललो, गार्डाला लाकडातलं काय कळतं. बोल्ट ढिले होतात, टेबल कुरकुरतं आणि लोक नावं सुताराला ठेवतात. मी चारही भाग सांध्यात गम भरून, आतून स्क्रू मारून कायमचे बसवले. आणि बाहेरून सोळा बोल्ट लावले. चकचकीत, शोभेचे. साहेबांनी एकेका बोल्टावरून बोट फिरवलं आणि "शाबास" बोलले. मला त्या शाबासकीची थोडी लाज वाटली. थोडीच. मग चहा आला.

सहा वर्षांनी त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. पंधरा दिवसांत घर खाली करायचं होतं. ठाण्याला वर्तकनगरात लेकीच्या शेजारी भाड्याची जागा बघितलेली, तळमजल्याची. साहेबांचा मला फोन आला, "मिस्त्री, कपलिंग सुटत नाहीये. या जरा."

गेलो तर सोळाच्या सोळा बोल्ट एका वाटीत काढून ठेवलेले, आणि साहेब आणि लेक दोन बाजूंनी टेबल ओढतायत. टेबल जागचं हलत नव्हतं. मजबूतच तसं काम होतं माझं. पण छाती फुगवायची ती वेळ नव्हती. मी सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी खिशातून शिट्टी काढली, बघितली, परत ठेवली. मग बोलले, "म्हणजे सहा वर्षं मी दर महिन्याला शोभेच्या बोल्टांना तेल देत होतो."

काकूंना एवढं हसू आलं की त्या खालीच बसल्या. साहेब नाही हसले. दार अडीच फुटाचं, खिडकीला ग्रील, आणि टेबल आठ बाय सहा. लेक बोलली, "बाबा, फोटो काढून ठेवू या ना, सगळ्या बाजूंनी." मी बोललो, "साहेब, तिकडे नवीन करून देतो. फुकट."

साहेब स्टुलावर बसले. बोगद्याकडे बघत बोलले, "मिस्त्री, मी चौऱ्याहत्तरचा आहे. हा डोंगर करायला सहा वर्षं लागली."

मी खिशातली टेप काढून टेबल मोजायला लागलो.

मग कापायचं ठरलं. खडूने रेघा साहेबांनीच मारल्या. मी बोललो, डोंगर राहू दे, स्टेशनाच्या बाजूने सरळ कापतो. तर बोलले, "स्टेशनाला हात लावायचा नाही, तिथे माणसं उभी आहेत. डोंगर काप. डोंगराला पोखरून घ्यायची सवय असते." दोन इंचांची ती रंगवलेली माणसं, त्यांच्यासाठी मी डोंगराला जिगसॉची करवत लावली. रूळ बारीक पात्याने हाताने कापले. तेवढा वेळ साहेब टेबलाच्या टोकाला लाल झेंडी धरून उभे. मी बोललो, "साहेब, बसा, कुठली गाडी येतेय आता?" तर बोलले, "रुळावर माणसं काम करत असली की झेंडी धरायची असते." दोन तास धरली. मला आयुष्यात कुणी काम करताना एवढं सांभाळलेलं नाही. मालक लोक माझ्यामागे उभे राहतात ते मी पळून जाऊ नये म्हणून.

टेम्पोत चार तुकडे गाद्यांमध्ये घालून वर्तकनगरला नेले. या वेळी खरे बोल्ट लावले. रूळ रुळाला लागला, मध्ये कागद जाईल एवढी फट. पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. साहेबांनी मोकळा डबा रुळावर ठेवला आणि हात काढला. डबा निघाला.

मी पाय घासले. दुसऱ्या दिवशी परत डबा ठेवला, तर उलट्या दिशेने निघाला. तिसऱ्या दिवशी मी एवढे घासले की टेबल बुटक्या लोकांसाठी केल्यासारखं दिसायला लागलं. आणि सांध्यावर सारखी गाडी उतरायची, बरोबर बोगद्यात, जिथे हात जात नाही. साहेब स्टुलावर बसून राहिलेले. उजेड दिसायचा, मग खडखड, मग काही नाही. त्या संध्याकाळी निघताना मी बोललो, "साहेब, माझ्याच्याने होत नाही. दुसरा माणूस बघा." मी असं कधी कुणाला बोललो नव्हतो. ते फक्त बोलले, "उद्या या. कोपरीवरून तो वडा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी वडे घेऊन गेलो. उगाच एक बोल्ट आवळला, काहीतरी केल्यासारखं. साहेबांनी डबा ठेवला, हात काढला. डबा हलला नाही. मी टेबलाला जरा टिचकी मारली, तरी नाही.

साहेब उठले, दारामागून हिरवी झेंडी आणली, आणि माझ्यासमोर पूर्ण उघडून धरली. "मिस्त्री, गाडी सोडा."

मी बटण फिरवलं. बोगद्यात उजेड दिसला. इंजिन आलं, डबे आले, खडखड झाली पण कुणी उतरलं नाही, आणि सगळ्यात शेवटी तो मोहरीएवढा लाल दिवा. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आली," बोलले. "पूर्ण आली." वहीत लिहिलं. नंतर ती हिरवी झेंडी त्यांनी मला देऊन टाकली. माझ्याकडे शाळेचा दाखला नाही, कुठलं सर्टिफिकेट नाही. ती झेंडी मी दुकानात पाटीच्या वर लावली. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी झेंडी दाखवतो, मग रेट सांगतो. मंदा बोलते, "गिऱ्हाईकाला वाटतं दुकान निघालंय कुठेतरी."

गेल्या वर्षी साहेब गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दिवसपाण्याला आलेली माणसं एकेक करून निघून गेली, मी मात्र चपला घालून काढून दारातच घुटमळत होतो. काकूंनी बघितलं आणि बोलल्या, "शेवटचा डबा का तू? ये, चहा घे." कपावर चमचा वाजवला. आतून शिट्टी आली नाही. काकूंनी कप माझ्यापुढे सरकवला.

मला वाटलं, आता टेबल निघणार. तर चार महिन्यांनी काकूंचाच फोन. बोगद्यातला बल्ब गेलाय, गाडी येताना दिसत नाही. गेलो. वही टेबलावर उघडी, अक्षर काकूंचं. रोज संध्याकाळी पाचला एक गाडी, एक दिवस चुकलेला नाही. मी वाचत वाचत एका ओळीवर आलो. 'उशीर दहा मिनिटे. कारण: मीच.' ज्या बाईने गाळणी कुलपात ठेवलेली, ती आता त्या स्टुलावर बसते.

रडू यायला लागलं की मी बढाई मारतो, ही माझी सवय. मी मोकळा डबा रुळावर ठेवला, हात काढला, आणि बोललो, "बघा काकू. एवढे दिवस झाले, साहेब गेले, पण डबा जागचा हलला नाही. याला म्हणतात काम."

"हलेल कशाला?" काकू बोलल्या. "खाली बघ."

मी वाकलो. दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या. साहेबांच्या जुन्या रेल्वे टाइमटेबलाचं कव्हर, कातरीने नीट कापलेलं. एका पायाखाली तीन, एकाखाली पाच.

"तिसऱ्या दिवशी तू तोंड पाडून गेलास, त्या संध्याकाळी घातले," काकू बोलल्या. "मी टेबल उचलून धरलं आणि हे खाली झोपले. कंबर धरली माझी. मला बोलले, मिस्त्रीला सांगू नकोस, त्याला झेंडी द्यायचीय."

मी खालूनच बोललो, "म्हणजे काकू, माझं काम..."

"तुझं काम तिरकं, आणि तुझी ती पाणसळ तुझ्याहून तिरकी," काकू बोलल्या. "आता वाकलायसच तर बल्ब बदल. पाचची गाडी आहे माझी."