विघटन म्हणजे सुटं

मराठी प्रतिशब्द शोधण्यात माझा हात धरणारं आमच्या वर्तमानपत्रात कुणी नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. नम्रपणा हा माझा प्रांत नव्हे. बावीस वर्षं उद्योगाचं पान सांभाळते आहे, आणि इंग्रजी शब्द कुणी तसाच छापला की माझ्या मस्तकात तिडीक जाते.

त्यामुळे खराडीतल्या एका कंपनीची बातमी आली तेव्हा मला चेवच आला. मोबाईल कंपन्यांना आजवर नेटवर्कची सगळी यंत्रणा एकाच उत्पादकाकडून घ्यावी लागे. टॉवरवरचा अँटेना त्याचा, खालचा डबा त्याचा, डब्यातलं सॉफ्टवेअरही त्याचंच. आता हे सगळं वेगवेगळ्यांकडून घेऊन एकत्र चालवता येणार होतं, आणि ते काम खराडीत सुरू झालं होतं. याला इंग्रजीत डिसअ‍ॅग्रिगेशन म्हणतात. एका वर्तमानपत्राने हा शब्द देवनागरीत जसाच्या तसा छापला, वाचताना जीभ अडखळून पडावी. दुसऱ्याने कंपनीचं पत्रक उतरवून काढलं, ‘ग्राहकांना लाभ’ वगैरे. मी मथळा दिला, ‘मोबाईल नेटवर्कचे विघटन, खराडीतील कंपनीत सुरुवात’. शब्द कोशातला, आणि एका ओळीत बसणारा. घरी जाताना मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर कसब्यातले आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक, पेपर घेऊन दारात बसलेले.

“अहो, ओल्या कचऱ्याचं विघटन होतं हे माहीत होतं. आता फोनही कुजणार का? आपण लिहिलंय म्हणून विचारलं.”

मी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे कुणाला तरी टोमणा मारल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही.

दुपारी ऑफिसात एक गृहस्थ आले, लोणी काळभोरचे. बरोबर त्यांची मुलगी होती, चोवीस-पंचवीसची, गळ्यात त्याच खराडीच्या कंपनीचं ओळखपत्र. डोळे रडून लाल झालेले. गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून माझी बातमी काढली. कात्रीने अगदी सरळ कापली होती.

“बाई, हे तुमीच लिवलंय?”

“हो.”

“मग सांगा हिला. कंपनी मोडाया लागली हाय. म्या टेम्पो घिऊन आलोय, हिचं सामान भरलंय, आन् ही म्हनती आदी पेपरवाल्या बाईंना इचारा.”

“मॅडम,” मुलगी म्हणाली, “वर्षभर आप्पांच्या मागे लागून मी खराडीत खोली घेतली. तुम्ही एका शब्दात घालवलीत.”

मी खिडकीतून खाली पाहिलं. टेम्पोत गादीची वळकटी, एक टेबल फॅन, बादलीत कोंबलेली पुस्तकं. तरी तोंडातून निघालं ते हेच, “शब्द चुकीचा नाही. कोशात आहे.” मागून आमचे संपादकही म्हणाले, “बरोबर आहे. खुलासा कशाला छापायचा?”

“कोश ऱ्हाऊ द्या,” गृहस्थ म्हणाले. “मोडतंय का न्हाई, तेवडं सांगा.”

मग मी त्यांना बसवून सगळं समजावलं, अँटेना, डबा, सॉफ्टवेअर. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं.

“म्हंजी मोटर एकाची, पंप दुसऱ्याचा, स्टार्टर तिसऱ्याचा. आपन आनून जोडायचं. मंग सुटं केलं म्हना की बाई. मोडलं कशाला म्हनता?”

सुटं. मी बावीस वर्षं कोश चाळते आहे आणि शब्द लोणीच्या दुकानात पडलेला होता. मला लाज वाटली. क्वचित वाटते, म्हणून चांगलीच वाटली.

“पर याक सांगा,” ते पुढे म्हणाले. “समदं एकाचं आसलं की बिगडल्यावर त्याचीच मानगूट धरायची. सुटं आसलं की पंपवाला मोटरीकडं बोट दावतो, मोटरवाला पंपाकडं. मंग धरायचं कुनाला?”

हा प्रश्न एकाही वर्तमानपत्राने विचारला नव्हता. पत्रकार परिषदेत आम्ही सगळ्यांनी सामोसे खाल्ले आणि पत्रकं पिशवीत टाकली.

उत्तर मुलीने दिलं. “तेच तर माझं काम आहे, आप्पा. सगळ्यांच्या वस्तू आणून जोडायच्या, मुद्दाम बिघडवून बघायच्या आणि चूक कुणाची ते शोधायचं. त्यासाठीच मला घेतलंय.”

“तू ठरिवती?”

“हो. लेखी देते.”

“आन् ते ऐकत्यात?”

“ऐकावंच लागतं.”

त्यांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “मला कदी सांगितलं न्हाईस.”

“तुम्ही फोनवर ‘जेवलीस का’ सोडून काही विचारलंत का?”

मी संपादकांकडे न बघता सांगून टाकलं की उद्याच्या अंकात, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत नवा मथळा येईल, ‘नेटवर्क झाले सुटे, बिघडले तर धरायचे कुणाला?’ संपादक खाकरले. खाकरू देत.

मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. मुलगी टेम्पोत पुढे जाऊन बसली. ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि विचारलं, “लोनीलाच ना?”

गृहस्थांनी कात्रण माझ्या हातात दिलं. “हे तुमचं तुमच्याकडं ठिवा. उद्याचं म्या कापून ठिवतो.” मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, “खराडीला घे. सामान उतरवायचं हाय.”